टॅलीचा डाटा क्लाऊडवर टाकावा का? आमच्याइथं नेट त येते-जाते

तुरीवाला_पांढरकवडा | रात्री ९.४०

राम राम राजेहो. पोस्ट लांबलचक आहे, पहिलेच माफी मागतो.

आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, पांढरकवड्यापासून १८ किलोमीटर आत. ४१२ सभासद, एक क्लीनिंग-ग्रेडिंग युनिट, कृषी केंद्र अन् धर्मकाटा. हिशोब मी पाहतो, म्हणजे हिशोबही पाहतो अन् हमालाईचा चहाही पाहतो. कॉम्प्युटर एकच. त्याच्यातच टॅली म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, त्याच्यातच काट्याचं सॉफ्टवेअर, त्याच्यातच सभासदाईचे सातबारे, आधार, पासबुकाचे फोटो.

यंदा मिरगाच्या पह्यल्याच पाण्यात ईज कडाडली, लाईन गेली, आली, पुन्हा गेली, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर चालू केला त आतून कट्‌ कट्‌ कट्‌ असा आवाज, भिताडावर पाल बोलते ना, तसा. हार्ड डिस्क गेली. नागपूरले रिकव्हरीवाल्याकडं नेली, त्यानं १८ हजार सांगितले अन् वरून म्हणे गॅरंटी नाही. बॅकअप होता म्हणा, पेनड्राईव्हमध्ये, पण तो पेनड्राईव्ह आमच्या ऑपरेटर पोट्ट्याच्या गाडीच्या किल्लीले अडकवलेला, अन् त्याच्यात शेवटचा बॅकअप निघाला दिवाळीचा. म्हणजे तुरीचा अन् चण्याचा पूर्ण सीझन साफ. मंग काय, वजनपावत्याईच्या कार्बन कॉप्या, बँकेचं स्टेटमेंट अन् जीएसटी पोर्टलवर जे काही भरलं होतं ते, हे घेऊन आम्ही तिघं २३ दिवस बसलो. पेरणीचा टाईम, बाहेर काउंटरवर बियाण्याले गर्दी अन् आम्ही आत पावत्या वाचून राहिलो. एका पावतीवर उंदरानं वजनाचा आकडाच खाल्ला होता, त्या काकाले फोन केला, त्याईले किलोपर्यंत पाठ होतं.

आता मीटिंगमध्ये ठरलं का क्लाऊड घ्या. एका संचालकानं ओळखीचा माणूस पाठवला, त्याचं कोटेशन वर्षाचे ४८ हजार, दोन युजर, टॅली ऑन क्लाऊड. अध्यक्ष काकानं त्याले विचारलं का बाबू हे ढगात म्हणजे नेमकं कुठं राहते, अन् ढग निघून गेले त? तो हसला. उत्तर काही दिलं नाही, अन् मलेही देता आलं नाही.

अडचण अशी आहे का गावात फायबर आहे पण रस्त्याचं काम चालू आहे, जेसीबी आठवड्यातून एक डाव तरी वायर तोडतेच. मोबाईलचा टावर, लाईन गेली का तीनेक तासात मरते. सारं क्लाऊडवर टाकलं अन् ऐन खरेदीत नेट गेलं त काटा बंद ठेवू का? ट्रॅक्टरची रांग पार डांबरी रोडपर्यंत असते, लोकं मले काट्यावर बसवून तोलतीन. अन् दुसरं, गुगल ड्राईव्ह फुकट आहे त ४८ हजार काऊन द्यायचे? कोणी वापरून राहिलं असन त सांगा. विकणाऱ्यानं नको, वापरणाऱ्यानं सांगा.

सरकी_ढेप | रात्री १०.०५

पाल बोलल्यासारखा आवाज म्हणजे डिस्कचं हेड गेलं भाऊ. आमच्या जिनिंगवर आला होता असाच, मॅनेजर म्हणे आत उंदीर शिरला, त्यानं डब्बा उघडून झाडूही मारला. ४८ हजारवाल्याले एकच विचार, नेट नसल्यावर काय काय चालते. तो विषय बदलवन. सध्या ढेपीची गाडी भरून राहिलो, मंग लिहितो, आमच्याइथं याच्याहून मोठं कांड झालं.

वर्धेकर_सध्या_पुण्यात | रात्री ११.२०

दादा, मी मूळ वर्ध्याकडचा, पुण्यात क्लाऊडचंच काम करतो. विकत नाही, सांभाळतो, म्हणजे रात्री तीनला ज्याला फोन येतो तो माणूस.

काकांना सांगा, ढगात काही नसतं. दुसऱ्याच्या इमारतीतला कॉम्प्युटर भाड्याने घ्यायचा, एवढंच ते. अमेझॉनने अशी साठवणूक भाड्याने द्यायला २००६ च्या मार्चमध्ये सुरुवात केली, एस-थ्री नावाने, आणि मुंबईत त्यांची सेंटरं २०१६ पासून आहेत. मायक्रोसॉफ्ट त्याच्या एक वर्ष आधी पुणे, चेन्नई, मुंबईत आलं, गुगल क्लाऊड २०१७ ला मुंबईत. म्हणजे तुमचा डाटा कामासाठी मुंबईला जाऊन राहतो, जशी आपली अर्धी पोरं राहतात. आणि एस-थ्रीत एक फाईल टाकली की तिच्या प्रती निदान तीन वेगवेगळ्या ठिकाणी पडतात, एक जागा बसली तरी फाईल जात नाही.

आता खरा घोळ असा आहे की "क्लाऊड" या एका नावाखाली लोक तीन वेगळ्या गोष्टी विकतात आणि तुमची गरज त्यातल्या एकाचीच आहे.

तो ४८ हजारवाला विकतोय भाड्याचा सर्व्हर. टॅली तिकडे चालणार, तुम्ही इथून फक्त पडदा बघणार. नेट गेलं की पडदा गेला. दहा ठिकाणी ब्रँच असतील, मालक नागपुरात आणि अकाउंटंट यवतमाळला असेल तर ते कामाचं आहे, पैसे वसूल होतात. तुमचा एक कॉम्प्युटर, एक काटा, आणि नेटची ही अवस्था, तुम्ही कशाला त्या भानगडीत पडता.

गुगल ड्राईव्ह म्हणजे सिंक. तुम्ही स्वतःच लिहिलंय ना कार्बन कॉपी, ती. वर खोडलं की खालीही खोडलं जातं. इथे फाईल डिलीट झाली, बिघडली, व्हायरसने खाल्ली, की तोच प्रकार इमानदारीने वर जातो. आणि टॅलीचं चालू फोल्डर ड्राईव्हमध्ये कधीच ठेवू नका, हे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. टॅली एका वेळी बऱ्याच फायलींमध्ये लिहीत असते, ड्राईव्ह मध्येच एक उचलतो, एक सोडतो, वर जे जातं ते धड कालचं पण नसतं आणि आजचं पण नसतं.

तिसरी गोष्ट म्हणजे वखार. तुम्ही एफपीसीवाले, म्हणजे शेतकरी उत्पादक कंपनीवाले, तुम्हाला वखार माहीत आहे. जेवढा माल ठेवला तेवढं भाडं, पावती घ्या, विसरा. एस-थ्री काय, गुगल आणि मायक्रोसॉफ्टचं त्याच जातीचं स्टोरेज काय, ही वखार आहे. टॅली तुमच्याच कॉम्प्युटरवर चालू राहील, काटा नेटशिवाय चालेल, आणि रात्री दुकान बंद झालं की दिवसभराचा बॅकअप वर जाईल. जेसीबीने वायर तोडली तर आजचा उद्या जाईल, त्याने काही आभाळ कोसळत नाही.

डाटा किती आहे ते सांगा, खर्च मांडून देतो.

तुरीवाला_पांढरकवडा | रात्री ११.४८

वखारीचं लगेच समजलं भाऊ, तीन मीटिंगमध्ये नव्हतं समजलं. टॅलीचं फोल्डर ९०० एमबी आहे, आल्ट-वाय दाबून बॅकअप घेतला त फाईल १५० एमबीच्या आसपास होते. काट्याचं ५००-६०० एमबी. बाकी फोटो, सातबारे, स्कॅन केलेली बिलं मिळून ३८ जीबी. म्हणजे ४० धर. अन् सीसीटीव्हीचं भी टाकून देऊ का वर? चार कॅमेरे आहेत.

वर्धेकर_सध्या_पुण्यात | रात्री १२.१०

सीसीटीव्ही विसरा. एक कॅमेरा २ एमबीपीएसने चालतो धरला तर चार मिळून सेकंदाला एक एमबी, दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे रोजचे ८६ जीबी. तुमच्या नेटवरून ते जायला दुसरा जन्म लागेल. डीव्हीआरमध्येच राहू द्या.

४० जीबीचा हिशोब बघा. एस-थ्रीचा मुंबईचा साधा दर जीबीला महिन्याला अडीच सेंट आहे. चाळीस गुणिले अडीच, शंभर सेंट, एक डॉलर. नव्वद रुपये धरा, वर १८ टक्के जीएसटी. महिन्याचे शंभर-सव्वाशे रुपये, दादा. वर्षाचे दीड हजारही होत नाहीत. माल बाहेर काढायचंही भाडं असतं, पण महिन्याला १०० जीबीपर्यंत ते माफ आहे, त्यामुळे तुमच्यासारख्यांना लागत नाही. खरा खर्च एकदाच बसवून देणाऱ्याचा, आणि तो माणूस तुमच्या ओळखीचा निघाला तर चहावर होईल.

पहिल्यांदा ४० जीबी चढवताना मात्र दम निघेल. डाऊनलोडचा स्पीड बघू नका, अपलोडचा बघा. अपलोड ४ एमबीपीएस असेल तर २२ तास लागतात, आणि मध्ये लाईन गेली की बोंब. म्हणून फोटोची हार्ड डिस्क पिशवीत घाला, एसटीने यवतमाळला जा, चांगलं नेट असलेल्या कोणाच्या घरी रात्रभर लावून ठेवा. हसू नका, अमेझॉनने २०१६ मध्ये याच कामासाठी चाकावरचा कंटेनर काढला होता, १०० पेटाबाईट, म्हणजे दहा कोटी जीबी मावतील एवढा, कारण तेवढा डाटा वायरवरून न्यायला वर्षं लागतात. एसटी म्हणजे आपला तोच ट्रक. त्यानंतर रोजचे १५० एमबी, ते पाच मिनिटात जातात.

सरकी_ढेप | रात्री १२.५५

आता बसलो. ऐका.

तीन वर्षं झाले. आमच्या मालकाले घरून टॅली पाहायची भल्ली हौस, म्हून एका पोट्ट्यानं राऊटरमध्ये काहीतरी उघडून देल्लं, रिमोट डेस्कटॉप का काय ते, मोबाईलवर भी दिसे. पासवर्ड काय त जिनिंगचं नाव अन् १२३. सहा-सात महिने मस्त चाललं, मालक खूश, पोट्ट्याले दिवाळीले शर्टाचा कपडा. मंग एका सोमवारी सकाळी पाहतो त साऱ्या फायलीच्या नावामागं कायचं तरी शेपूट लागलेलं, टॅली म्हणे कंपनीच नाही, अन् डेस्कटॉपवर एक नोटपॅडची फाईल, इंग्रजीत, पैसे टाका, बिटकॉईनमध्ये. मालक म्हणे हे बिटकॉईन कोणत्या बँकेत भेटते.

मले वाटलं आपला ड्राईव्ह आहे ना. उघडून पाहतो त तिथी भी सारं शेपूटवालंच. कार्बन कॉपी म्हणते ना हा वर्धेकर, डिट्टो. वाचलं ते कसं, त ड्राईव्हमध्ये जुनं व्हर्जन ३० दिवस राहते अन् ट्रॅशमध्येही ३० दिवस राहते. एकेक फाईल धरून कोणती ट्रॅशमधून, कोणती जुनं व्हर्जन करून, ११०० फायली काढल्या. बोट सुजलं होतं, खोटं नाही सांगत. कोटेशन, पत्रं, फोटो आले. टॅलीचं फोल्डर मात्र अर्धं शुक्रवारचं अन् अर्धं शनिवारचं, उघडलं का मेमरी ऍक्सेस व्हायोलेशन, रिपेअर मारलं तरी तेच. शेवटी सीएकडं मार्चची कॉपी होती तिथून पुढं पुन्हा लिहिलं. पैसे नाही देल्ले, म्हणजे मालकानं देल्ले नाही, द्यायले सांगणारे दोघं-तिघं होते.

म्हून सांगतो, तो टॅली ऑन क्लाऊडवाला रिमोट डेस्कटॉपच देऊन राहिला असन, त त्याले विचार का दरवाजा कोणाकोणासाठी उघडा आहे.

वर्धेकर_सध्या_पुण्यात | रात्री १.०५

सरकी भाऊ, तो ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा. इंटरनेटवर सताड उघडा ठेवला की काही तासात कोणीतरी कडी वाजवायला लागतं, माणूस नसतो तो, प्रोग्राम असतो, दिवसभर पासवर्ड घालून बघतो. तुमचा १२३ सहा महिने टिकला हेच नवल.

हिशोबाची_वही | सकाळी ७.३०

मी अमरावतीला सीए आहे, माझ्याकडे पाच-सहा एफपीसीचं काम आहे, त्यामुळे एक गोष्ट जी इथं कोणी बोलत नाही आहे ती सांगते. दादा, तुम्ही सोसायटी नाही, कंपनी आहात. म्हणजे कंपनी कायदा पूर्ण लागतो. हिशोबाच्या वह्यांच्या नियमात ऑगस्ट २०२२ ला बदल झाला, आधी "वेळोवेळी" बॅकअप असं होतं, आता शब्द आहे "रोज", आणि तो बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर पाहिजे. रोज म्हणजे रोज, दिवाळीचा पेनड्राईव्ह नाही. वर्षाचं विवरण भरताना रजिस्ट्रारकडे सेवा कोणाची, आयपी ऍड्रेस काय, सर्व्हर कुठं, हेही कळवावं लागतं.

साध्या गुगल ड्राईव्हमध्ये डाटा कोणत्या देशात ठेवायचा हे तुम्हाला निवडता येत नाही, मग ऑडिटरनं विचारलं तर काय दाखवाल? वर्धेकर म्हणतात त्या स्टोरेजमध्ये मुंबई निवडता येते आणि तसा स्क्रीनशॉट फाईलला लावता येतो. माझ्यासाठी हा मुद्दा पैशाहून मोठा आहे.

दुसरं म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना एडिट लॉग, म्हणजे कोणती एंट्री कधी लिहिली-बदलली याची नोंद, बंद न करता येणारंच सॉफ्टवेअर चालते. तुम्ही २३ दिवस बसून जे पुन्हा लिहिलं त्यात प्रत्येक एंट्रीची तारीख आता जूनची दिसणार आहे, एंट्री जानेवारीची आणि लिहिली जूनमध्ये. घाबरू नका, चोरी नाही केली, पण डिस्क गेल्याचा ठराव संचालक मंडळाच्या मिनिट्समध्ये घ्या, नागपूरच्या रिकव्हरीवाल्याची पावती, बदललेल्या डिस्कचं बिल जोडून ठेवा. नाहीतर दोन वर्षांनी कोणी विचारलं तर आपण पालीचा आवाज सांगत बसणार.

वह्या आठ आर्थिक वर्षं ठेवायच्या आहेत. जीएसटीचं वेगळं, वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. कार्बन कॉप्या फेकू नका, त्याच तुमच्या कामी आल्या.

दर्यापूरचा_बुढाऊ | सकाळी ८.१५

मी रिटायर माणूस, ३१ वर्षं खरेदी-विक्रीत लिहिण्याचं काम केलं. तुमचे क्लाऊड बिऊड चालू द्या पण मागच्या सप्टेंबरात, २०२५ ची गोष्ट, दक्षिण कोरियात काय झालं ते वाचलं का कोणी? डेजॉन का काय गाव आहे, तिथं सरकारच्याच डाटा सेंटरमध्ये बॅटरीनं पेट घेतला, सरकारी कर्मचाऱ्याईचा सारा ड्राईव्ह जळाला, ८५८ टेराबाईट, अन् दुसरीकडं कॉपीच नाही. म्हणे खूप मोठा होता म्हून कॉपी ठेवली नव्हती. एवढा हुशार देश. आमच्या वेळी रोजकीर्द वेगळ्या कपाटात अन् खातावणी वेगळ्या कपाटात राहे, दोन्ही एका टायमाले जळाले असं झालं नाही.

वर्धेकर_सध्या_पुण्यात | सकाळी ९.००

काका, तुम्ही जे सांगितलं ना दोन कपाटांचं, आमच्या धंद्यात त्यालाच ३-२-१ म्हणतात आणि त्याचे कोर्स विकतात. तीन प्रती, दोन वेगळ्या जातीच्या वस्तूंवर, एक गावाबाहेर. कोरियाचं उदाहरण शंभर टक्के बरोबर आहे. २०२१ च्या मार्चमध्ये फ्रान्सच्या स्ट्रासबर्गलाही झालं, ओव्हीएच नावाच्या कंपनीची एक इमारत जळाली आणि काही गिऱ्हाइकांचा डाटा आणि त्याचा बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते. भाड्याच्या घराला आग लागत नाही असं थोडंच आहे. म्हणून तुरीवाले दादा, वखारीसोबत एक बाहेरची हार्ड डिस्क पण ठेवा, आठवड्यातून एकदा लावायची आणि काढून घरी न्यायची. लावून ठेवायची नाही, नाहीतर पुढची वीज दोघींना घेऊन जाईल.

सोयाबीन_ताई_वाशिम | दुपारी २.२०

आमची पण एफपीसी आहे, महिलांची. टेक्निकल मला समजत नाही पण आम्ही जिथं फसलो ते सांगते. आमचं सगळं ड्राईव्हवर होतं आणि ते अकाउंट होतं आमच्या ऑपरेटरच्या स्वतःच्या जीमेलचं. त्याचं लग्न जमलं, तो गेला सुरतेला. पासवर्ड त्यानं दिला, पोरगा चांगला होता, पण लॉगिन केलं की ओटीपी त्याच्या मोबाईलवर, आणि तो साडीच्या कारखान्यात मोबाईल बाहेर ठेवून आत जाते, संध्याकाळी सातला फोन उचलते. रोज सातची वाट पाहायची आम्ही. नंतर त्यानं सिमच बदललं.

आणखी एक. ती १५ जीबी फुकट जागा फक्त ड्राईव्हची नाही, मेल आणि फोटोची पण त्यातच. फोटोनं भरली आणि आमच्या मेल येणंच बंद झालं, अकरा दिवस कळलंच नाही, एका खरेदीदाराची मेल परत गेली आणि सौदा दुसऱ्याला गेला. कंपनीच्या नावानं वेगळा ईमेल काढा, नंबर कंपनीचा लावा आणि त्या सिमचा रिचार्ज कोणी करायचा ते पण लिहून ठेवा. आमच्या अध्यक्ष बाईंनी ते किराणाच्या यादीत लिहिलंय, तेल, साखर, सिम.

तुरीवाला_पांढरकवडा | दुपारी ३.०५

ताई, तुम्ही आमचीच गोष्ट सांगितली. आत्ता पाह्यलं त आमचं काट्याच्या सॉफ्टवेअरचं रजिस्ट्रेशनही पोट्ट्याच्याच मेलवर आहे. सीए ताई, ठरावाचं आजच काकाले सांगतो. वर्धेकर भाऊ, बसवून द्यायले घाटंजीचा एक पोट्टा तयार आहे, त्याले काय काय सांगू?

वर्धेकर_सध्या_पुण्यात | संध्याकाळी ६.४०

त्याला सांगा, कंपनीच्या मेलवर अकाउंट, रिजन म्हणजे डाटा ठेवायची जागा मुंबई. बिलाचा अलार्म पाचशे रुपयांवर लावायचा, म्हणजे काही चुकलं तर कळेल. व्हर्जनिंग, म्हणजे फाईलच्या जुन्या प्रतीही ठेवणं, चालू आणि ऑब्जेक्ट लॉक चालू. लॉक म्हणजे वखारीचं असं कुलूप की ठरलेले दिवस झाल्याशिवाय माल सहजी कोणाला काढून फेकता येत नाही, सरकी भाऊंच्या शेपूटवाल्यालाही नाही. त्यात दोन प्रकार आहेत, गव्हर्नन्स आणि कम्प्लायन्स, आधी गव्हर्नन्स घ्या, त्यात खास परवानगी असलेल्यालाच कुलूप काढता येतं, दुसऱ्यात चुकून दहा वर्षं टाकलं तर आपल्यालाही काढता येत नाही आणि भाडं चालू. फाईल वर पाठवायला आरक्लोन नावाचं फुकट प्रोग्राम आहे, विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये रात्री साडेआठला लावा. जाण्याआधी फाईलला पासवर्डने कुलूप, सभासदांचे आधार आहेत त्यात. तो पासवर्ड कागदावर लिहून काकांच्या कपाटात. कॉम्प्युटरमध्येच ठेवला तर डिस्कसोबत तोही जाईल.

आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो बॅकअप उतरवून उघडून बघायचा. टॅलीचं लायसन्स नसलं तरी एज्युकेशनल मोडमध्ये डाटा उघडतो, फक्त एंट्री करायला महिन्याची ठरावीक तारीखच घेते. आपल्याला बघायचंच आहे.

तुरीवाला_पांढरकवडा | पाच आठवड्यांनी, रात्री १०.३०

मंडळी, अपडेट देतो.

डिस्क पिशवीत घालून यवतमाळले नेली, साडूच्या घरी, सहा तासात चढली. साडूबाई म्हणे जेवून जा, म्हून मुक्काम. पह्यल्या महिन्याचं बिल १४१ रुपये आलं. यूपीएस नवा घेतला, अर्थिंगचा खड्डा खणून मीठ-कोळसा टाकला, अन् अभाय आलं का राऊटरची वायर काढून ठेवतो.

आता खरी गोष्ट. काल रविवारी पोराच्या जुन्या लॅपटॉपवर बॅकअप उतरवून पाह्यला. टॅली आली, चण्याची शेवटची खरेदी शुक्रवारची, रुपयापर्यंत बरोबर. फोटो आले. काट्याचं फोल्डर उघडलं त डाटाबेसची फाईल शून्य केबी. रोजच्या रोज शून्य, पाच आठवडे. मी रोज सकाळी लॉग पाहो, हिरवं दिसे, खूश होऊन चहा पिऊ. झालं असं का काट्यावरचा माणूस सॉफ्टवेअर चालूच ठेवून घरी जाते, फाईल उघडी राहते, त्या घाटंजीच्या पोट्ट्याची कॉपी तिथं अडकते अन् रिकामी फाईल वर जाते. म्हणजे परत ईज पडली असती त वजनाच्या पावत्या घेऊन पुन्हा २३ दिवस.

आता आठ वाजता काटा बंद करायचा, सॉफ्टवेअरही बंद, त्यानंतर साडेआठले बॅकअप. काट्यावर खडूनं लिहून ठेवलं. पोट्ट्यानं असंही करून देल्लं का एखादी फाईल कालच्यापेक्षा लहान झाली त मोबाईलवर मेसेज येते, माह्या अन् काकाच्या.

एक विचारायचं राहिलं. लॉक ३० दिवसाचं ठेवलं आहे. ९० करू का?

वर्धेकर_सध्या_पुण्यात | रात्री १०.५२

९० करा. १५० एमबी रोजचे, नव्वद दिवसांचे साडेतेरा जीबी होतात, तीस दिवसांपेक्षा भाड्यात वीस-पंचवीस रुपयांचा फरक. काट्याचं पण रोजचं पूर्ण धरा, तरी महिन्याचं बिल तीनशेच्या पुढे जात नाही. तुमची शून्य केबीवाली फाईल पाच आठवड्यांनी सापडली, आधीची चांगली प्रत असती तरी तीसच्या लॉकमध्ये ती शोधेपर्यंत कुलपाबाहेर पडली असती.

दर्यापूरचा_बुढाऊ | रात्री ११.०५

कपाटाची किल्ली कोणाजवळ आहे पण?

तुरीवाला_पांढरकवडा | रात्री ११.०८

एक काकाजवळ, एक बँकेच्या लॉकरमध्ये. विचारलं मी त्याईले, काकू म्हणे काकाजवळची मीच ठेवून राहिली.

सरकी_ढेप | रात्री ११.१५

मंग तीन कॉप्या झाल्या.